माहुलीवरची दोन मुले

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या युद्धाला आपली पाठ्यपुस्तके ‘यादवी युद्ध’ म्हणतात. त्या शब्दामागे प्रभासक्षेत्री एकमेकांना मारणारे यादव उभे आहेत, हे एरवी आपल्या ध्यानातही येत नाही. मौसलपर्वात बाहेरचा शत्रू नाहीच. कुळ आपल्याच हातांनी संपते. हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने घेतला, तर आपल्या इतिहासात काय दिसते? आमच्यापुरता हा प्रश्न परिसरातल्या एका किल्ल्यापाशी येऊन थांबतो.

शहापूरहून डोळखांबकडे निघाले, की माहुलीचे सुळके पाठीशी राहतात आणि समोर आजोबाचा डोंगर येतो. दक्षिणेला मुरबाडच्या अंगाने नाणेघाट चढून गेले, की जुन्नरच्या मुलखात चावंडचा किल्ला लागतो. अहमदनगरच्या निजामशाहीची यादवी या दोन किल्ल्यांच्या दरम्यान वाचता येते. चावंडवर ती सुरू होते आणि माहुलीवर संपते. दोन्ही टोकांना एकेक मूल आहे.

१५९५ मध्ये दुसरा बुऱ्हाण निजामशाह वारला. काही महिन्यांतच त्याचा मुलगा इब्राहिम विजापूरकरांशी लढताना पडला. इब्राहिमचा मुलगा बहादूर तान्हा होता. मियान मंजू या सरदाराने त्याला चावंडवर कैदेत ठेवले आणि अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसविले. अहमद राजवंशातला नाही, असा बोभाटा होताच इखलासखान हबशाने मोती नावाचे दुसरेच मूल पुढे केले. अभंगखानाने पहिल्या बुऱ्हाणचा वृद्ध पुत्र शाह अली याची बाजू घेतली; चांदबीबीने बहादूरची. गादी एक आणि दावेदार चार! कोंडीत सापडलेल्या मियान मंजूने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलाविले. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, पण मोगल फौज तोवर निघाली होती. दार आतून उघडले गेले होते.

चांदबीबीने १५९६ मध्ये नगरचा किल्ला राखला, पण त्यासाठी वऱ्हाड द्यावे लागले. १६०० मध्ये मोगलांचा वेढा पुन्हा पडला असता ती मारली गेली, तीही मोगलांच्या हातून नव्हे, स्वतःच्याच माणसांकडून. नगर पडले आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली.

मलिक अंबरने शाह अलीच्या मुलाला, दुसऱ्या मुर्तझाला, गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. तरी मियान राजू या प्रतिस्पर्ध्याशी त्याला कित्येक वर्षे झुंजावे लागले. १६२६ मध्ये अंबर वारला आणि जुनी आग पुन्हा भडकली. १६२९ मध्ये निजामशाहाने लखुजी जाधवांना मुलांसह दौलताबादेत मारविले. सिंदखेडचे हे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत, आणि देवगिरी म्हणजेच दौलताबाद. पुढे अंबरचा मुलगा फत्तेखान याने निजामशाहाचाही घात केला आणि हुसेन नावाचे मूल गादीवर बसविले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेली. हुसेनच्या वाट्यालाही ग्वाल्हेरच आले.

तरीही कथा संपली नाही. सासऱ्यांच्या हत्येनंतर शहाजीराजे मोगलांकडे गेले होते. तेथून ते परतले आणि त्यांनी निजामशाही घराण्यातला आणखी एक लहान मुलगा, तिसरा मुर्तझा, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर गादीवर बसविला. ज्या गादीने सासऱ्यांचा जीव घेतला, तीच गादी त्यांनी तोलून धरली. १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशाह यांचा तह झाला, निजामशाही मुलूख वाटून घेण्याचे ठरले आणि मोगल व विजापूरकर या दोन्ही फौजांनी माहुलीला वेढा घातला. शहाजीराजांना शरण जावे लागले. मुर्तझा मोगलांच्या स्वाधीन झाला, शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले आणि सुमारे दीडशे वर्षांची निजामशाही आमच्या तालुक्यातल्या एका डोंगरावर संपली.

या वेढ्यात जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे माहुलीवर होते, असे परंपरा सांगते. मराठी वाचकाला माहुली आठवते ती या मुलामुळे. आपल्या कादंबऱ्या आणि व्याख्याने हा वेढा स्वराज्याची प्रस्तावना म्हणून वाचतात. ते वाचन चूक नाही, पण अपुरे आहे. मुर्तझाला त्यात जागाच नसते.

शहाजीराजांचा पराक्रम आणि मियान मंजूचा स्वार्थ यांना एका पारड्यात घालण्याचा आमचा हेतू नाही. एकाने मोगलांना बोलाविले, दुसऱ्याने त्यांना शक्य तोवर थोपविले. पण साधन दोघांचे एकच होते: गादीवर मूल, आणि त्याच्या नावाने चालणारी तलवार. चाळीस वर्षे कोणत्याही सरदाराला स्वतःच्या नावाने उभे राहता आले नाही. वंशाच्या नावाशिवाय माणसे गोळा होत नसत, आणि ते नाव कोणाच्या हाती असावे यासाठी माणसे मरत.

१६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक आम्हाला या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण वाटतो. दुसऱ्याचे मूल पुढे न करता स्वतःच्या नावाने सत्तेची जबाबदारी घेणे, हे यादवीला दिलेले उत्तर होते. ते कायमचे ठरले नाही. १७०७ नंतर शाहू आणि ताराबाई यांच्या पक्षांत तीच यादवी पेटली आणि १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत धुमसत राहिली.

माहुलीवर आमचे विद्यार्थी जातात, भगवा लावतात, घोषणा देतात. त्यांनी ते जरूर करावे. खाली उतरताना मात्र त्याच वाटेने शत्रूच्या हवाली झालेल्या त्या दुसऱ्या मुलाचीही आठवण ठेवावी. त्याच्यावर कोणी पोवाडा रचल्याचे आमच्या वाचनात नाही.