नेटवर्क डिस्क बंद पडल्यास पहिल्या तासात काय करावे?

जव्हार, प्रतिनिधी

बोहाड्यातील सोंगे, तारप्याची धून, वारली लग्नात धवलेरीने गायिलेली गाणी, वनहक्क दाव्यांना जोडलेले नकाशे आणि पुराव्यांच्या प्रती... जव्हार व मोखाडा तालुक्यांतील एखाद्या संस्थेच्या कार्यालयात किंवा छायाचित्रकाराच्या दुकानात अशी सामग्री आज कागदावर आणि कॅसेटवर कमी, हार्ड डिस्कवर अधिक असते. ती अनेक संगणकांवरून पाहता यावी यासाठी 'नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज' अर्थात 'नॅस' नावाची पेटी राउटरला जोडली जाते आणि एके दिवशी ती बंद पडते. दाव्याची प्रत सरकारी दप्तरातून पुन्हा मागविता येईल. मात्र दिवंगत धवलेरीचे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करता येणार नाही. म्हणूनच पेटी बंद पडल्यावर पहिल्या तासात काय करावे, आणि त्याहीपेक्षा काय करू नये, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नॅस म्हणजे केवळ डिस्क नव्हे. तो एक छोटा संगणकच असतो. अडॅप्टर, सर्किट बोर्ड, पंखा, लिनक्सवर आधारलेली प्रणाली आणि एक किंवा अधिक डिस्क एवढे सारे त्यात असते. यांपैकी काहीही बिघडले तरी वापरणाऱ्याला एकच दिसते, ते म्हणजे फोल्डर उघडत नाही. त्यावरून डिस्क गेली, असा निष्कर्ष घाईने काढला जातो.

प्रत्यक्षात आधी साध्या गोष्टी तपासाव्यात. वीज जाऊन परत आली की राउटर आणि नॅस दोन्ही नव्याने सुरू होतात. अशा वेळी राउटर नॅसला वेगळा आयपी पत्ता देऊ शकतो आणि संगणकावरचा जुना शॉर्टकट निकामी ठरतो. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिल्यास हा घोळ लगेच कळतो. दुसरा संशयित अडॅप्टर. तो थकला की दिवा लागतो, डिस्क फिरू लागते आणि पुन्हा थांबते. मल्टिमीटरवर व्होल्टेज बरोबर दिसले तरी डिस्कचा भार पडताच ते कोसळू शकते. त्यामुळे दुसरा अडॅप्टर लावून पाहणे हीच खरी परीक्षा. मात्र त्याचे व्होल्टेज आणि ध्रुवता मूळ अडॅप्टरप्रमाणेच हवी. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. अशा अनेक पेट्या १२ व्होल्टवर चालतात, तर लॅपटॉपचे बरेचसे चार्जर १९ व्होल्टच्या आसपास असतात. पिन बसते म्हणून तो चार्जर लावणे म्हणजे बऱ्या पेटीलाही जाळणे होय.

अडॅप्टर ठीक असेल, तर कान द्यावा. टक्-टक् असा ठरावीक लयीत आवाज येत असल्यास डिस्कमधील वाचणारे हेड बिघडले असण्याची शक्यता मोठी. बारीक बीप येत असेल, तर तबकडी अडकलेली असू शकते. दोन्ही प्रसंगी वीज तत्काळ बंद करावी. चालू स्थितीत हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरच उंचीवर तरंगत असते. बिघडलेले हेड घासले गेल्यास माहिती साठविणारा थरच खरवडला जातो आणि मग कोणतीही प्रयोगशाळा काही करू शकत नाही. 'आणखी एकदा चालू करून पाहू' या मोहाची किंमत मोठी असते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपायही सांगितला जातो. तो करू नये. थंड डिस्क दमट हवेत आली की तिच्यावर बाष्प धरते, आणि जव्हारच्या पावसाळी हवेबद्दल वेगळे सांगायला नको. तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड बसविण्याचा खटाटोपही आता सहसा फळत नाही, कारण त्या-त्या डिस्कची खास जुळणी बोर्डवरील चिपमध्ये नोंदलेली असते.

आवाज स्वच्छ असेल आणि केवळ पेटीच मेली असेल, तर आशा बरीच आहे. डिस्क बाहेर काढण्यापूर्वी कोणती कोणत्या खणात होती, ते तिच्यावर मार्करने लिहावे. ती विंडोज संगणकाला जोडली की 'फॉरमॅट करायचे का?' असा प्रश्न येतो. अनेकांची माहिती नेमकी इथेच बुडते. नॅसमधील डिस्क बहुधा ईएक्सटी४, बीटीआरएफएस यांसारख्या लिनक्सच्या पद्धतीने मांडलेली असते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते तिला कोरी समजते. उत्तर नेहमी 'नाही' असेच द्यावे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडल्यास फोल्डर जसेच्या तसे दिसू शकतात.

डिस्क अडखळत वाचत असेल, तर फायली एकेक करून काढत बसू नये. 'डीडीरेस्क्यू' या मोफत प्रणालीने आधी संपूर्ण डिस्कची प्रतिकृती दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. ही प्रणाली सुलभ भाग प्रथम उचलते आणि खराब भागांकडे नंतर वळते. मध्येच वीज गेली तरी नोंदफाइलच्या आधारे पुढून काम सुरू करते. जव्हार-मोखाड्यात हा गुण मोलाचा. त्यानंतरचे सारे प्रयोग प्रतिकृतीवरच करावेत.

पाण्यात भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नये, चालूही करू नये. प्लास्टिक पिशवीत बंद करून ती तशीच मुंबई, पुणे किंवा नाशिकच्या डेटा रिकव्हरी केंद्राकडे न्यावी. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठताना घाटाचे हादरे बसतात. तेव्हा ती फोममध्ये गुंडाळून मांडीवर घेतलेली बरी. टपावर मुळीच नको.

'आमच्याकडे दोन डिस्कचा आरसा आहे,' असे सांगून निश्चिंत राहणारे पुष्कळ असतात. रेड-१ या रचनेत एकच माहिती दोन डिस्कवर असते हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते, आणि विजेचा एक लोळ दोन्ही डिस्क जाळू शकतो. जून २०२१ मध्ये जगभरातील 'वेस्टर्न डिजिटल'च्या 'माय बुक लाइव्ह' पेट्या इंटरनेटवरून घुसखोरी करून मूळ स्थितीत नेण्यात आल्या आणि मालकांच्या फायली रातोरात नाहीशा झाल्या. यंत्रात बिघाड कोणताच नव्हता. कंपनीने २०१५ नंतर त्या पेट्यांची प्रणाली अद्ययावत केलेली नव्हती, एवढेच. जुनी नॅस वापरायचीच असेल, तर तिला इंटरनेटवरून थेट पोहोचता येणार नाही अशी व्यवस्था करावी.

पूर्वसूचनेवरही फार विसंबता येत नाही. गुगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. 'स्मार्ट' या अंतर्गत तपासणीत पहिली वाचनचूक आढळलेल्या डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. मात्र बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दिसले नव्हते.

तेव्हा यूपीएस हवा, आणि तो यूएसबी वायरने नॅसला जोडलेला हवा, म्हणजे बॅटरी संपण्यापूर्वी पेटी स्वतःहून व्यवस्थित बंद होते. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन एरवी ती वायर काढून ठेवावी. तिसरी गावाबाहेर, पालघर वा नाशिकमधील एखाद्या विश्वासू नातेवाइकाच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावी. दर काही महिन्यांनी ती जोडून दोन-चार ध्वनिमुद्रणे शेवटपर्यंत वाजवून पाहावीत. फायलींची नुसती नावे दिसणे पुरेसे नाही.