मोटारीचे कापडी छत : जलाभेद्यतेचा इतिहास आणि निगेचा प्रश्न

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासलेखनात इंजिन, कारखाना व कारखानदार यांना मोठे स्थान मिळाले आहे. मोटार वापरणाऱ्याच्या हातून वर्षानुवर्षे होणारी निगा मात्र बहुधा उपेक्षित राहिली. घडी घालता येणारे कापडी छत धुणे व त्यावर पाणी न धरणारा लेप देणे ही वरकरणी किरकोळ कृती होय. परंतु तिच्यामागे सुमारे दोनशे वर्षांचा तंत्रेतिहास उभा आहे. पाणी आरपार न जाऊ देणे म्हणजे जलाभेद्यता आणि पाणी तंतूत मुरू न देणे म्हणजे जलविकर्षण. या दोन गुणांमधील भेद ऐतिहासिक क्रमाने स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. मेणकापडापासून रबरी कापडापर्यंत

रबरापूर्वी कापडाला मेण किंवा तेल चोळून ते पावसात टिकेल असे केले जाई. मराठीतील ‘मेणकापड’ हा शब्द त्याच पद्धतीची स्मृती जपतो. इ. स. १८२३ मध्ये ग्लासगो येथील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी वेगळ्या पद्धतीचे एकस्व घेतले. कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळवून त्याचा थर त्यांनी कापडाच्या दोन पदरांमध्ये बसविला. तथापि हे कापड थंडीत ताठर व उन्हात चिकट होई. शिवणीच्या छिद्रांतून पाणीही झिरपे. इ. स. १८४४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना रबराच्या व्हल्कनीकरणाचे एकस्व मिळाले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनीही ही प्रक्रिया सिद्ध केली. त्यामुळे ताठरपणा व चिकटपणा हे दोष दूर झाले. शिवणीचा दोष मात्र कायम राहिला. आजही कापडी छत अनेकदा शिवणीतूनच गळू लागते.

२. घोडागाडीच्या टपाकडून मोटारीकडे

इ. स. १८८६ मध्ये एकस्व मिळालेली कार्ल बेंझ यांची तीनचाकी मोटार उघडीच होती. पुढे मोटारीला जे छत मिळाले, ते घोडागाडीच्या टपाचेच रूप होते. मुंबईच्या रस्त्यांवर धावलेल्या व्हिक्टोरियांचा मागे दुमडणारा टप याच परंपरेतला. अमेरिकेत इ. स. १९१९ मध्ये बंद मोटारींचे प्रमाण सुमारे १० टक्के होते, इ. स. १९२७ पर्यंत ते सुमारे ८५ टक्के झाले. परिणामी जे कापडी छत गरज म्हणून आले होते, ते खाजगी मोटारींपुरते हौसेचा विषय बनले. लष्करी व कष्टाच्या वाहनांत मात्र त्याचा उपयोग टिकला. मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या विलीज जीपचे कॅनव्हासचे छत हे आपल्याकडील परिचित उदाहरण होय.

३. जलविकर्षणाचा शोध व निगेची तत्त्वे

इ. स. १९५३ मध्ये अमेरिकेतील थ्री-एम कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्लोरीनयुक्त द्रावणाचे थेंब एका कॅनव्हासच्या बुटावर सांडले. तेवढ्या जागी पाणी मुरेना व मळही बसेना. या निरीक्षणावरून पॅट्सी शर्मन व सॅम्युअल स्मिथ यांनी विकसित केलेले ‘स्कॉचगार्ड’ इ. स. १९५६ मध्ये बाजारात आले.

आधुनिक छताच्या कापडात सामान्यतः वर अॅक्रिलिक विणीचा, मध्ये रबराचा व आत अस्तराचा असे तीन थर असतात. पाणी अडविण्याचे मुख्य काम मधला थर करतो. म्हणजेच मॅकिंटॉश यांची मूळ कल्पना येथे कायम आहे. वरचा लेप केवळ तंतू भिजू देत नाही. तो झिजला म्हणून छत लगेच गळत नाही. परंतु ओलसर कापडात मळ व बुरशी घर करतात.

निगेचे नियम यातूनच निघतात. प्रथम कोरडी धूळ झटकावी, नंतर सौम्य साबण व मऊ ब्रश वापरावा. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. त्याचा अंश राहिल्यास पाणी तंतूत सहज मुरते, म्हणून छत भरपूर पाण्याने खळखळून धुणे आवश्यक ठरते. पाण्याचा तीव्र झोत शिवणींना घातक ठरतो. छत पूर्ण वाळल्यावरच, काच व रंग झाकून, लेप द्यावा. ओले छत दुमडून ठेवू नये. फाटलेला रबरी थर किंवा उसवलेली शिवण लेपाने दुरुस्त होत नाही.

४. कोरडेपणाची किंमत

ज्या टिकाऊपणामुळे ही रसायने उपयुक्त ठरली, तोच त्यांचा दोष ठरला. निसर्गात त्यांचे विघटन जवळजवळ होत नाही. इ. स. २००० मध्ये थ्री-एमने ‘पीएफओएस’शी संबंधित उत्पादने थांबविण्याचे जाहीर केले, इ. स. २००९ मध्ये या रसायनाचा समावेश स्टॉकहोम कराराच्या यादीत झाला. घराच्या अंगणात मोटारीवर फवारलेला लेप हा अशा रीतीने आंतरराष्ट्रीय पर्यावरणनीतीचा विषय बनला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, रबराने जलाभेद्यतेचा प्रश्न बऱ्याच अंशी कारखान्यातच सोडविला. जलविकर्षण मात्र वापरणाऱ्याने पुन्हा पुन्हा सांभाळावयाचे कर्तव्य राहिले. हा भेद न जाणता केवळ लेपांवर लेप देणे व्यर्थ आणि अपायकारकही आहे. वेळेवर धुणे, वाळविणे व शिवण तपासणे ही जुनीच निगा आज अधिक विवेकी ठरते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध लावणाऱ्याइतकेच निगा राखणाऱ्या हातांनाही स्थान मिळावे, असे म्हणणे म्हणूनच उचित होईल.