धुलाईयंत्राची दोन घराणी

धुलाईयंत्र विकत घेण्यास निघालेल्या कुटुंबापुढे आज एक प्रश्न हटकून उभा राहतो. यंत्र समोरून कपडे घालण्याचे घ्यावे, की वरून घालण्याचे? विक्रेता एकाला ‘फ्रंट लोड’ म्हणतो, दुसऱ्याला ‘टॉप लोड’ म्हणतो, दोहोंच्या किमतींतील अंतर सांगतो, आणि मग बहुधा ते अंतरच निर्णय करून टाकते. वास्तविक हा प्रश्न दुकानात जन्मास आलेला नाही. त्याच्या मागे अडीच शतकांचा इतिहास आहे. तो थोडा समजून घेतला, तर आपल्या घराला कोणते यंत्र मानवेल हे ठरविणे पुष्कळ सोपे जाते.

प्रथम मळ निघतो कसा, हे पाहू. जर्मनीतील हेंकेल कंपनीचे तज्ज्ञ हर्बर्ट सिन्नर यांनी १९५९ मध्ये ह्याची एक सुटसुटीत मांडणी केली. रसायन, आघात, उष्णता आणि वेळ असे धुलाईचे चार घटक त्यांनी सांगितले. ह्यांपैकी एक कमी केला, तर दुसरा कोणता तरी वाढवावा लागतो. पाणी थंड असेल तर कपडे अधिक वेळ भिजवावे लागतात. साबण कमी असेल तर अधिक आपटावे लागतात. मोरीत बसून धुणे धुणाऱ्या आपल्या आजीला हे सूत्र कोणी शिकविले नव्हते, पण तिचे हात त्याच सूत्राने चालत होते.

ह्या चारांपैकी आघात देण्याच्या दोन रीती माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. कापड उचलून आपटणे ही एक. घाटावरचा धोबी दगडावर कपडे आपटतो, ती ही रीत. कापड पाण्यात ठेवून पाणीच घुसळणे ही दुसरी. इंग्लंडातील स्त्रिया एका उंच पिंपात कपडे घालून, खाली खुंट्या बसविलेला दांडा त्यात गरगर फिरवीत. त्या दांड्याला ‘डॉली’ म्हणत. आपल्याकडे ताकाची रवी जे काम करते, तेच काम ही डॉली करी. यंत्रे निघाली ती ह्या दोन रीतींची नक्कल करीतच निघाली, आणि म्हणून त्यांची पहिल्यापासून दोन घराणी झाली.

जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील धर्मोपदेशक व निसर्गशास्त्रज्ञ याकोब क्रिस्टियान शेफर यांनी १७६७ मध्ये आपल्या धुलाईयंत्राची माहिती प्रसिद्ध केली. ते लाकडी पिंप होते, आणि त्यात वरून मूठ फिरवून कपडे घुसळावयाचे होते. हे रवीचे घराणे. पुढे १७८२ मध्ये हेन्री सिजियर यांनी इंग्लंडात फिरत्या पिंपाच्या यंत्राचे एकस्व घेतले. त्यात कपड्यांचा पिंजराच आडवा फिरे. कपडे वर उचलले जात आणि पाण्यात पडत. हे आपटण्याचे घराणे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. यंत्राचे दार कोठे आहे, हा खरा भेद नव्हे. त्याची आस उभी आहे की आडवी, हा खरा भेद आहे. उभ्या आसाच्या यंत्रात कपडे पाण्यात तरंगते राहिले पाहिजेत, म्हणून पाणी पुष्कळ लागते. आडव्या आसाच्या यंत्रात पाणी तळाशी असले म्हणजे पुरते; कपडेच वरून त्यात येऊन पडतात. फ्रान्समध्ये न्हाणीघरातील अरुंद जागेसाठी वरून उघडणारी पण आडव्या आसाची यंत्रे वापरतात. झाकणावरून ती एका घराण्याची वाटतील, परंतु कुळाने ती दुसऱ्या घराण्याची आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी वीज आली. शिकागोच्या हर्ले कंपनीचे ‘थॉर’ हे विजेवर चालणारे यंत्र आडव्या पिंपाचे होते, आणि कपड्यांचा पीळ बसू नये म्हणून ते आलटून पालटून दोन्ही दिशांनी फिरे. त्याचे एकस्व आल्वा फिशर यांना १९१० मध्ये मिळाले. परंतु अमेरिकेच्या खेड्यांतून तेव्हा वीज कोठे होती? आयोवा प्रांतातील न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीने १९१४ पासून पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी यंत्रे शेतकरी कुटुंबांना विकली. ह्याच कंपनीने १९२२ मध्ये घुसळणी पिंपाच्या तळाशी बसविली. तीमुळे पाणी कपड्यांतून जोराने खेळू लागले, आणि उभ्या आसाचे घराणे अमेरिकेत चांगलेच रुजले. कपडे पिळण्यासाठी मात्र पिंपावर दोन रूळ असत. त्या रुळांत बोटे, कधी सबंध हात सापडून अनेक स्त्रिया व मुले जखमी होत. यंत्राने श्रम वाचविले तरी एक नवे भय घरात आणून ठेवले होते.

हे भय संपविले ते स्वयंचलित यंत्राने. अमेरिकेतील साउथ बेंड येथील बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये समोर काचेचे दार असलेले यंत्र बाजारात आणले. धुणे, खळबळणे आणि पिळणे ही तिन्ही कामे ते एकाच पिंपात आपोआप करी. आज ज्याला आपण फ्रंट लोड म्हणतो, त्याचा हा घरगुती पूर्वज होय. त्याचा दोष असा, की पिळताना ते भयंकर हादरे, आणि म्हणून त्याला जमिनीत खिळ्यांनी पक्के जखडावे लागे. भाड्याच्या घरात जमिनीला भोके पाडावयास कोणता मालक परवानगी देईल?

पुढे महायुद्ध आले; १९४२ मध्ये अमेरिकेत घरगुती यंत्रांचे उत्पादन थांबले. युद्धानंतर १९४७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे आणि पुढे ‘व्हर्लपूल’ नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीचे वरून उघडणारे स्वयंचलित यंत्र विक्रीस आले. त्याला जखडावे लागत नसे, वाकावे लागत नसे, आणि विसरलेला मोजा मध्येच टाकता येई. पाण्याची ददात नव्हती आणि नळाला कढत पाणी येत होते. अमेरिकेने वरचे यंत्र पसंत केले, ते अशा परिस्थितीत.

युरोपात परिस्थिती अगदी निराळी होती. घरे लहान, इंधन महाग, आणि पांढरी वस्त्रे उकळून धुण्याची जुनी चाल. हेंकेलने १९०७ मध्ये काढलेल्या ‘पर्सिल’ पुडीतील परबोरेट हे द्रव्य कढत पाण्यातच नीट काम करी. १९५१ मध्ये जर्मनीत ‘कॉन्स्ट्रुक्टा’ हे समोरच्या दाराचे स्वयंचलित यंत्र आले. पाणी तापविण्याची सोय यंत्रातच असावयाची, तर ते पाणी थोडे असलेलेच बरे. आणि थोड्या पाण्यात आडवे पिंपच काम करू शकते. शिवाय वर झाकण नसल्यामुळे यंत्र स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसे. युरोप समोरच्या दाराकडे वळला तो अशा कारणांनी.

जपानने तिसरी वाट धरली. १९५३ मध्ये सान्यो कंपनीने पिंपात फिरती तबकडी असलेले लहान, स्वस्त यंत्र काढले. आपल्याकडील वरून घालण्याच्या बहुतेक यंत्रांत जी ‘पल्सेटर’ नावाची तबकडी असते, ती ह्याच जातीची. जपानात धुणे थंड पाण्यात होई. आजही तेथील अनेक यंत्रांना स्नानाच्या टाकीतील उरलेले पाणी ओढून घेण्याची नळी असते.

मग ह्या दोन घराण्यांत श्रेष्ठ कोणते? ह्याचा एक प्रत्यक्ष प्रयोग अमेरिकेत झाला. कॅन्सस प्रांतात बर्न नावाचे सुमारे दोनशे वस्तीचे गाव आहे. तेथे पाण्याची टंचाई असे. १९९७ मध्ये तेथील ऊर्जा खात्याने मेटॅग कंपनीच्या सहकार्याने ह्या गावातील शंभरावर घरांची वरून घालण्याची जुनी यंत्रे आधी मोजमापाखाली ठेवली, आणि मग त्यांच्या जागी समोरच्या दाराची नवी यंत्रे बसविली. एका धुण्यास पूर्वी सरासरी सुमारे १५७ लिटर पाणी लागत होते, ते सुमारे ९८ लिटरांवर आले. म्हणजे ३८ टक्के पाणी वाचले. पाणी तापविण्यासह ऊर्जेची बचत ५८ टक्क्यांच्या घरात गेली. २००१ मध्ये अमेरिकन शासनाने यंत्रांच्या काटकसरीचे कडक नियम ठरविले, आणि ते २००४ व २००७ असे दोन टप्प्यांत लागू झाले. ज्या देशाने समोरचे दार एकदा नाकारले होते, तेथे ते साठ वर्षांनी परत आले. त्याबरोबर नव्या तक्रारीही आल्या. दाराभोवतीच्या रबरी कड्यात ओल राहून बुरशीचा वास येऊ लागला. काम झाल्यावर दार उघडे ठेवणे आणि कडे पुसून काढणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत यंत्र शिरले ते मुख्यतः १९८० नंतरच्या दशकात, आणि बहुधा दोन पिंपांच्या अर्धस्वयंचलित रूपाने. एका पिंपात धुवावयाचे आणि हातांनी उचलून दुसऱ्यात पिळावयाचे. अनेकांनी त्या यंत्राला कमी लेखले. पण ते बादलीने भरता येत होते, आणि साबणाचे तेच पाणी पांढऱ्या कपड्यांनंतर रंगीत कपड्यांना वापरता येत होते. नळ ठरावीक वेळीच येणाऱ्या शहरांत हा गुण लहान नव्हे. पुढे १९९० च्या सुमारास आयएफबी कंपनीने जर्मन सहकार्याने समोरच्या दाराची यंत्रे भारतात आणली. गोमंतकातील वेर्णा येथे तिचा कारखाना आहे. युरोपच्या कढत पाण्यासाठी घडलेले हे घराणे अशा रीतीने आपल्या किनाऱ्यावर येऊन वसले.

तेव्हा निवड करताना आपण दुकानातील किमतीआधी आपल्या घराचा नळ पाहावा. समोरच्या दाराच्या यंत्राला पाण्याचा अखंड आणि पुरेसा दाब लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक बार दाब मिळतो. म्हणजे गच्चीवरील टाकी यंत्रापेक्षा तीनच मीटर उंच असेल, तर दाब एक बाराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरेल. यंत्राच्या माहितीपत्रात किमान दाब लिहिलेला असतो, तो ताडून पाहावा. पाणी थोडे पण नळाला नियमित आणि जोरात येत असेल, कुटुंब रोज धुणारे असेल, तर समोरच्या दाराचे यंत्र पाणी वाचवील आणि कपड्यांना सौम्यपणे वागवील. ते बहुधा मिनिटाला हजार किंवा अधिक फेऱ्यांनी पिळते, म्हणून पावसाळ्यात कोकण-गोमंतकासारख्या दमट प्रदेशात कपडे लवकर वाळतात. मात्र त्याला कमी फेसाची पूड हवी; फेस फार झाला, की पडणारा कपडा गादीवर पडल्यासारखा पडतो आणि मळ निघत नाही. धुण्यास वेळही अधिक लागतो. उलट नळ बेभरवशाचा असेल, बादलीचा आधार लागत असेल, घरात कोणाला वाकणे जड जात असेल, किंवा तासाभराच्या आत काम उरकावयाचे असेल, तर वरचे यंत्र घेण्यात काहीच कमीपणा नाही. पाणी जड असेल तर दोन्ही घराण्यांना क्षारांचा त्रास होतो. पण ज्यात पाणी तापविले जाते त्याला तो अधिक होतो, हे विहिरी-कूपनलिकांवर अवलंबून असणाऱ्यांनी विसरू नये.

शेवटी एका प्रश्नाचा उल्लेख केलाच पाहिजे. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ हा ग्रंथ लिहिला. घरात यंत्रे आली तरी गृहिणीच्या कामाचे तास अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत, असे त्यांनी दाखविले. पूर्वी जे धुणे परटाकडे किंवा धुलाईगृहाकडे जाई, ते यंत्रामुळे पुन्हा घरात आले. सदरा आठवड्यातून दोनदा बदलणारे रोज बदलू लागले, आणि ते सारे काम एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडले. आपल्या घरांतही यंत्र आल्यावर कपडे भरणे, काढणे, वाळत घालणे आणि घडी करणे हे कोण करते, हे प्रत्येकाने पाहावे. समोरच्या दारापुढे वाकावयाचे कोणाला आहे, आणि खोल पिंपातून ओले कपडे ओढून काढावयाचे कोणाला आहे? ज्याला हे करावे लागते, त्याला दुकानात बरोबर न्यावे, दोन्ही यंत्रांची दारे त्याच्याकडून उघडून पाहवावीत, आणि पहिले मत त्याचे घ्यावे. किंमत त्यानंतर विचारता येईल.