शिक्का नाही, आकडा लिहायचा : पसंतीक्रमाचं मतदान कसं करायचं आणि कसं मोजतात

शिरूर/दौंड : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या निवडणुकांत मशीनवर बटण दाबायचं. घोडगंगा किंवा भीमा पाटस कारखान्याची निवडणूक आली की सभासद शिक्का मारतात. या दोन्ही सवयी हाताला पक्क्या बसलेल्या आहेत. पण एक निवडणूक अशी आहे की जिथे बटणही नसतं आणि शिक्काही चालत नाही. ती म्हणजे विधान परिषदेची पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची निवडणूक. तिथे उमेदवाराच्या नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. यालाच पसंतीक्रमाचं मतदान म्हणतात.

आपले दोन्ही तालुके पुणे विभागात येतात. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांचा मिळून एक पदवीधर आणि एक शिक्षक मतदारसंघ आहे. मागची निवडणूक १ डिसेंबर २०२० रोजी झाली. पदवीधरमध्ये अरुण लाड आणि शिक्षकमध्ये जयंत आसगावकर निवडून आले. मुदत सहा वर्षांची, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरात ती संपते.

मत कसं द्यायचं

मतदान केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केचपेन देतात. त्यानेच लिहायचं, खिशातला पेन काढायचा नाही. जो उमेदवार सगळ्यात जास्त पसंत आहे त्याच्या नावापुढच्या रकान्यात १ लिहायचा. तो नाही तर कोण, त्याच्यापुढे २. मग ३. उमेदवार जेवढे असतील तेवढ्या पसंती देता येतात, पण सक्ती फक्त १ ची आहे. नुसता १ लिहून मतपत्रिका पेटीत टाकली तरी मत धरतात.

आकडा मराठी, इंग्रजी किंवा रोमन चालतो. 'एक', 'दोन' असं अक्षरी लिहिलं तर चालत नाही. बरोबरची खूण, फुली, सही, अंगठा, स्वतःचं नाव यातलं काहीही केलं तर मत बाद. दोन उमेदवारांपुढे १ लिहिला तरी बाद. १ कुठेच नसेल आणि २, ३ असतील तरी बाद. दोघांपुढे २ लिहिला तर मात्र पहिली पसंती मोजतात, पुढचं सोडून देतात. २०२० ला पदवीधरसाठी ६२ उमेदवार होते. एवढी लांबलचक मतपत्रिका हातात आली की शिकलेला माणूसही गडबडतो. हजारो मतं त्या वेळी बाद झाली, आणि ती सगळी पदवी घेतलेल्यांची होती हे विसरून चालणार नाही.

मोजणी कशी होते

मोजणी समजायला सरपंचपदाचं उदाहरण सोपं पडेल. (खऱ्या सरपंच निवडणुकीत ही पद्धत नाही, हे फक्त हिशोबासाठी.) समजा गावात १००० वैध मतं पडली. कपबशीला ३८०, छत्रीला ३३०, नारळाला १८०, शिट्टीला ११०. नेहमीच्या पद्धतीत कपबशी निवडून आली, गुलाल उधळला, विषय संपला. पण ६२० जणांनी तिला मत दिलेलं नाही.

पसंतीक्रमात आधी कोटा काढतात. एक जागा असेल तर वैध मतांचे निम्मे करून त्यात एक मिळवायचा. इथे कोटा झाला ५०१. पहिल्या पसंतीत कुणी कोटा गाठला तर तो लगेच विजयी. इथे कुणीच गाठला नाही, म्हणून सगळ्यात कमी मतांची शिट्टी बाद होते. तिचा गठ्ठा सोडून प्रत्येक मतपत्रिकेवर २ कुणापुढे आहे ते बघतात. समजा ६० छत्रीला, २५ कपबशीला, १५ नारळाला गेली आणि १० जणांनी दुसरी पसंती दिलेलीच नव्हती. आता कपबशी ४०५, छत्री ३९०, नारळ १९५. पुढच्या फेरीत नारळ बाद. त्याच्या १९५ पैकी १२० छत्रीला, ५० कपबशीला, २५ ना इकडे ना तिकडे. छत्री ५१०, कपबशी ४५५. छत्रीने कोटा ओलांडला, छत्री विजयी.

पहिल्या पसंतीत ५० मतांनी मागे असलेला उमेदवार इथे निवडून आला. फेऱ्या चालूच राहिल्या आणि कुणीच कोट्यापर्यंत पोचलं नाही, तर शेवटी जो एकटा उरतो तो विजयी होतो. म्हणूनच ही मोजणी रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. २०२० ला अरुण लाड पहिल्या पसंतीतच कोट्यापलीकडे गेले. शिक्षक मतदारसंघात मात्र ३५ उमेदवार होते आणि बाद फेऱ्या घेत घेत आसगावकरांचा निकाल लागला.

मागून पुढे गेलेल्याचं खरं उदाहरण हवं असेल तर जून २०२२ ची राज्यसभा आठवा. तिथे मतदार आमदार असतात आणि जागा जास्त असल्याने कोट्याचा हिशोब वेगळा असतो, पण पसंतीचे आकडे तसेच. सहाव्या जागेसाठी कोल्हापूरचेच दोघे समोरासमोर होते. संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ आणि धनंजय महाडिकांना २७. भाजपच्या दोन उमेदवारांकडची कोट्यापेक्षा जास्तीची मतं दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे आली आणि पहाटे महाडिक निवडून आले.

'दुसरी पसंती देऊ नका' हे खरं का?

प्रचारात कार्यकर्ते कानात सांगतात, "फक्त एक लिहा, दोन लिहिलं की आपलं मत कमी होतं." पदवीधर-शिक्षक निवडणुकीत जागा एकच असते, तिथे हे चूक आहे. तुमचा पहिला उमेदवार मोजणीत टिकून आहे तोवर तुमच्या २ कडे कुणी बघतही नाही. तो बाद झाल्यावरच बघतात. २ लिहिला नसेल तर मतपत्रिका बाजूला ठेवतात आणि पुढच्या लढतीत तुमचं मत नसतं. कार्यकर्त्याचा फायदा आणि मतदाराचा फायदा इथे एक नाही.

गावकारभाऱ्यांचा संबंध

स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून जो आमदार विधान परिषदेत जातो, तोही याच पद्धतीने निवडला जातो. जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समितीचे सभापती आणि पालिकांचे नगरसेवक त्याला मत देतात. म्हणजे शिरूर आणि दौंड नगरपरिषदेचे नगरसेवक त्यात आले. ग्रामपंचायत सदस्य आणि सरपंचांना मात्र हा हक्क नाही. पुण्याच्या या जागेची मुदत २०२२ ला संपली, पण जिल्हा परिषदेवर प्रशासक असल्याने निवडणूक लांबली.

नाव यादीत आहे का?

विधानसभेच्या यादीत नाव असलं म्हणजे पदवीधरच्या यादीत असतं असं नाही. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने करतात, जुनी नोंदणी चालत नाही. त्यामुळे २०२० ला मतदान केलेल्यांनाही पुन्हा अर्ज भरावा लागतो. पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर धरतात. त्या तारखेच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी. शिक्षकांनी मागच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-महाविद्यालयात शिकवलेलं हवं, म्हणून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे गुरुजी शिक्षक मतदारसंघात बसत नाहीत. पण त्यांची पदवी झाली असेल तर पदवीधरमध्ये नाव लावता येतं. नोंदणी जाहीर झाली की पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत आणि रहिवासाचा पुरावा घेऊन शिरूर किंवा दौंडच्या तहसील कार्यालयात चौकशी करावी.