काळीतली घरं

जुन्या महसुली भाषेत गावाचे दोन भाग: पांढरी म्हणजे वस्ती, काळी म्हणजे शेती. मिरज शहर वाढलं, प्लॉट पडले आणि आपण घरं घेऊन काळीत उतरलो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. सिमेंट कितीही भारी वापरा, जोतं हललं की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. मग शिव्या खातो गवंडी!

रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं अशा मातीसाठी बुडाशी कांद्यासारखा फुगीर असा काँक्रीटचा खांब विकसित केला. तो साधारण साडेतीन मीटर खाली टेकतो, जिथं ओल फारशी बदलत नाही. आपण मात्र बहुधा काळी काढून मुरूम भरतो, धुमसतो, वर प्लिंथ बीम. काळीचा थर जाड निघाला की खर्च वाढतो, आणि नेमका तिथंच हात आखडता घेतला जातो.