भंडाऱ्याचे झिंगे

मुंबईला गेलो असता भाच्याने फोर्टातल्या एका महागड्या मासळीच्या हॉटेलात नेले. बोटभर जाडीचे झिंगे समोर आले. "मामा, भंडाऱ्यात समुद्रातलं कुठून मिळणार?" तो म्हणाला. मला हसू आले.

लहानपणी पवनीच्या घाटावर ढीवर बाया वैनगंगेचे झिंगे टोपलीत घेऊन बसत. आई ते धान देऊन घ्यायची आणि वांग्यात घालायची. या गोदावरी झिंग्याची पिल्ले मचूळ पाण्यातच जगतात. म्हणून मादी अंडी घेऊन गोदावरीच्या मुखाकडे उतरायची आणि पोरे प्रवाहाविरुद्ध प्राणहिता, मग वैनगंगा चढत आमच्या गावापर्यंत यायची. शेकडो मैल! १८५२ साली धवळेश्वरमला आर्थर कॉटन यांचा बंधारा पूर्ण झाला, तरी ही वारी पुरती थांबली नव्हती. पुढे पवनीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण आले. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले होते. भिंत उभी राहिली आणि पुढची वाट बुजली. धानाला पाणी हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण शेतीचा सातबारा असतो, जाळ्याचा नसतो.

भाचा ऐकत होता. त्याने बशी माझ्याकडे सरकवली.