टॉर्चचा जाडा सेल आणि ल्यूकची तलवार

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात ‘प्राथमिक आणि दुय्यम साधने : फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न हमखास येतो आणि आपण सगळे त्याचं एकच उत्तर लिहितो. मूळ कागदपत्रं, नाणी, शिलालेख हे प्राथमिक. त्यांच्यावर लिहिलेली पुस्तकं दुय्यम. पाचपैकी चार मार्क. मलाही मिळाले. पण हा फरक खरा कळला तो सिनेमातल्या एका खोट्या तलवारीमुळे. ती घरी बनवायचा उद्योग मी गेल्या उन्हाळ्यात केला. त्यासाठी जे वाचलं, बघितलं, ते पीएचडीच्या तयारीत असलेल्यांच्या कामाचं आहे असं वाटतं, म्हणून लिहितोय.

तलवार म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधला लाइटसेबर. सिनेमा न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: फूटभर लांबीची धातूची मूठ, बटण दाबलं की तिच्यातून प्रकाशाचं पातं निघतं. ते झगमगतं पातं पडद्यावर नंतर चढवलेलं असतं. त्यामुळे घरी बनवायची ती मूठ. नायक ल्यूक स्कायवॉकरची मूठ दिसते साधीच: चकचकीत नळी, खालच्या अर्ध्या भागावर काळ्या उभ्या पट्ट्या, मध्ये एक पकड, एक लाल बटण. दोन दिवसांचं काम, असं मला वाटलं होतं.

आधी ती मुळात कशी बनली ते बघू. सिनेमा मे १९७७ मध्ये आला, चित्रीकरण १९७६ मध्ये ट्युनिशियात आणि लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झालं. सेट सजवायचं काम रॉजर क्रिश्चन यांच्याकडे होतं. पैसे कमी होते. म्हणून त्यांनी ठरवलं की भविष्यातल्या वस्तू नव्याने घडवायच्याच नाहीत, भंगारातून जमवायच्या. जुन्या विमानांचे भाग, जेट इंजिनांचे तुकडे असं टनावारी भंगार आणून सेट सजवले. १९७८ मध्ये कलादिग्दर्शनाच्या ऑस्करमध्ये त्यांचा वाटा होता, तो या भंगारामुळेच म्हणायला हरकत नाही. लाइटसेबरचे आधी केलेले नमुने टॉर्चसारखे दिसत होते आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना ते पसंत नव्हते. क्रिश्चन सांगतात की ते लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरच्या कॅमेऱ्याच्या एका दुकानात गेले, काही जुनंपानं आहे का विचारलं, आणि तिथे एका खोक्यात त्यांना फ्लॅशच्या मुठी सापडल्या.

या मुठी ग्राफ्लेक्स कंपनीच्या. १९४० च्या दशकातल्या अमेरिकन सिनेमांत वार्ताहरांच्या गर्दीत जो मोठा चौकोनी कॅमेरा दिसतो ना, बाजूला ताटलीसारखा रिफ्लेक्टर असलेला, त्या रिफ्लेक्टरखालची ही नळी. पितळेची, वरून मुलामा दिलेली. आत तीन सेल, वर एकदाच पेटून जळून जाणारा बल्ब. एका फोटोला एक बल्ब! क्रिश्चन यांनी रिफ्लेक्टर काढला, टी आकाराच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून चिकटवल्या, कमरेला अडकवायला तळाशी एक कडी लावली आणि मधल्या पकडीत कॅल्क्युलेटरमधली पारदर्शक बुडबुड्यांची पट्टी बसवली. झाली तलवार.

त्या बुडबुड्यांबद्दल दोन शब्द, कारण मला तो भाग फार आवडतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे लाल एलईडीचे असत. एलईडी महाग आणि वीज खाणारे, म्हणून आकडे अगदी बारीक ठेवत आणि वर प्रत्येक आकड्यासाठी एक छोटं बहिर्वक्र भिंग असलेली पट्टी बसवत. तीच ही पट्टी. चाहत्यांनी ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘एक्झॅक्ट्रा’ कॅल्क्युलेटरमधली म्हणून ओळखून काढली. बारावीच्या प्रकाशशास्त्राचा धडा तलवारीवर चिकटवलेला!

आता मुद्द्याची गोष्ट. हातानेच जुळवलेल्या वस्तूचा नीट आराखडा कोण काढून ठेवणार? पुढे ज्यांना ती घरी बनवायची होती त्यांच्याकडे होते फक्त फोटो, सिनेमाच्या फ्रेम्स आणि मुलाखतींतल्या आठवणी. म्हणजे हे सगळे लोक नकळत इतिहासकाराच्या जागी येऊन बसले.

माझी पहिली चूक इथेच झाली. मी फोटोवरून मापं घ्यायला बसलो. विज्ञानाचा विद्यार्थी ना, स्क्रीनवर पिक्सेल मोजायची सवय. समजा फोटोत नळीची रुंदी ७६ पिक्सेल आहे आणि ती प्रत्यक्षात ३८ मिमी आहे असं धरलं, तर १ मिमी म्हणजे २ पिक्सेल. काळी पट्टी १२ पिक्सेल भरली, म्हणजे ६ मिमी. पण कडा पुसट असतात, एक पिक्सेल इकडेतिकडे होणारच. म्हणजे अर्धा मिलिमीटर, आठ टक्क्यांच्या आसपास चूक. शिवाय पट्टी नळीच्या पुढे उभी असते, कॅमेऱ्याच्या जवळ, त्यामुळे ती थोडी मोठी दिसते. आणि नळी कॅमेऱ्याशी तिरकी धरलेली असेल तर लांबी गेलीच. संध्याकाळभर बसून मी चार फोटोंतून चार वेगवेगळ्या लांब्या काढल्या आणि त्यांची सरासरी घेतली. सरासरी घेतल्यावर फार शास्त्रीय वाटलं, हे कबूल करतो.

जाणकार लोक असं करत नाहीत. ते आधी वस्तू ओळखतात. ही नळी ग्राफ्लेक्सची आहे हे एकदा ठरलं की फोटो बाजूला ठेवायचा, खरी ग्राफ्लेक्स आणायची आणि व्हर्नियर कॅलिपर लावायचा. आठ टक्क्यांची चूक एका झटक्यात अर्ध्या टक्क्याच्या आत येते. मोजमापाने जे वर्षभर जमलं नसतं ते ओळख पटल्यावर एका दुपारी होतं. आणि ओळख पटली आहे की नाही हे तपासायच्या अटीही वस्तूच्या आतच असतात. ग्राफ्लेक्समध्ये तीन सेल मावायला हवेत, टॉर्चमध्ये घालतात ते जाडे, डी साइझचे. त्यांचा व्यास सुमारे ३४ मिमी, लांबी सुमारे ६१ मिमी. म्हणजे नळी आतून ३४ पेक्षा रुंद असणारच आणि सेलांची जागाच १८३ मिमी घेणार. फोटोतून काढलेलं माप या अटीत बसत नसेल तर माप चुकलं. माझं बसत नव्हतं. सरासरीने काही वाचवलं नाही.

याहून कठीण प्रकरण ल्यूकच्या गुरूच्या, ओबी-वान केनोबीच्या तलवारीचं. तिच्यात पाच वेगळ्या जगांतल्या वस्तू आहेत: पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफल ग्रेनेडचा भाग, रोल्स-रॉइसच्या डर्वेंट जेट इंजिनातला बॅलन्स पाइप, ब्राउनिंग मशीनगनच्या नळीवरचा बूस्टर, ग्राफ्लेक्सची पकड आणि आर्मिटेज शँक्स कंपनीच्या वॉशबेसिनच्या नळाची मूठ. यातला एकेक तुकडा ओळखण्यासाठी लोकांनी लष्करी नोंदी, विमानांच्या सुट्या भागांच्या याद्या आणि प्लंबिंगचे कॅटलॉग पालथे घातले. जेडाय गुरूच्या शस्त्रात वॉशबेसिनचा नळ! पण विचार करा, तो नळ ओळखायला सिनेमाचा अभ्यासक काय कामाचा? तिथे जुन्या इंग्लिश बाथरूमची माहिती असलेला माणूसच लागणार. आपल्या विषयाबाहेरच्या माणसाला विचारायची लाज वाटता कामा नये, एवढं मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

ग्राफ्लेक्स ओळखली तरी काम संपत नाही. कंपनी आधी ‘फोल्मर ग्राफ्लेक्स’ होती, १९४५ मध्ये ‘ग्राफ्लेक्स इन्कॉर्पोरेटेड’ झाली. त्यामुळे शिक्क्यावरचं नाव वाचून नळी अलीकडची की पलीकडची ते सांगता येतं. नाण्यावरच्या राजाच्या नावावरून काळ ठरवतात तसंच. म्हणजे ‘ग्राफ्लेक्स मिळाली’ एवढं पुरत नाही. कुठली ग्राफ्लेक्स, हा प्रश्न उरतोच.

आणि त्याहून मोठा प्रश्न: कुठली तलवार? पहिल्या सिनेमात एकच ‘ल्यूकची तलवार’ नव्हती. कमरेला लटकवायची वेगळी. पातं निघालेलं दाखवायला वेगळी व्यवस्था: मोटरवर फिरणारी कांडी, तिच्यावर रस्त्यावरच्या पाट्यांसारखा प्रकाश परतवणारा कागद, आणि मोटरची वायर नटाच्या बाहीतून खाली. मग १९८० चा दुसरा सिनेमा. तिथेही ग्राफ्लेक्सच, पण पकडीत बुडबुड्यांच्या जागी सर्किट बोर्डाची पट्टी. आता घरी बनवणारा काय करतो? इंटरनेटवर जो स्पष्ट फोटो मिळेल तो घेतो. काळ्या पट्ट्या दुसऱ्या सिनेमाच्या फोटोवरून, पकड पहिल्याच्या. दोन्ही फोटो अस्सल, दोन्ही मापं बरोबर. आणि तयार होते ती अशी तलवार, जी कुठल्याच दिवशी, कुठल्याच सेटवर अस्तित्वात नव्हती.

हे वाचताना मी जरा गप्प झालो, कारण माझ्या सिनॉप्सिसचं असंच झालं होतं. झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवर काम करायचं होतं. एका रिव्ह्यू पेपरातल्या तक्त्यातून बँड गॅप उचलला, त्याच तक्त्यातल्या शेजारच्या ओळीतून कणांचा आकार, आणि दोन्हींचा संबंध जोडून एक सुरेख परिच्छेद लिहिला. गाइडनी पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं, “हे सॅम्पल कोणी बनवलं?” मूळ पेपर काढले तेव्हा कळलं की दोन ओळी दोन वेगळ्या प्रयोगशाळांतल्या. एक थर ३०० अंशाला तापवलेला, दुसरा ५०० ला. मी ज्याच्याबद्दल लिहीत होतो ते सॅम्पल जगात कुणीच बनवलेलं नव्हतं. तीन महिन्यांचं लिखाण गेलं. सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं.

या छंदाची एक बाजू मात्र मला खटकते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. अस्सल प्रतिकृती हवी म्हणून लोक अस्सल ग्राफ्लेक्स विकत घेतात, रिफ्लेक्टर फेकतात, मुलाम्यावर पट्ट्या चिकटवतात. कॅमेऱ्याच्या दुकानात कोपऱ्यात पडून असलेली वस्तू आता ‘लाइटसेबर’ म्हणून चढ्या भावाने विकली जाते, आणि जुन्या कॅमेऱ्याने खरोखर फोटो काढू पाहणाऱ्यांना त्याचाच फ्लॅश परवडत नाही. डार्थ व्हेडरच्या तलवारीसाठी लागणारी ब्रिटिश एमपीपी कंपनीची फ्लॅशची मूठ तर आधीच दुर्मीळ. एका वस्तूचा इतिहास जपताना दुसरीचा पुसायचा, असा हा सौदा. आता ग्राफ्लेक्सचीच हुबेहूब नक्कल नव्याने बनवून मिळते आणि जाणती मंडळी तीच घ्यायला सांगतात. आमच्या लॅबमध्ये सॅम्पल जाळून मोजायची पद्धत आहे. तिथेही आधी विचारतात, तुकडा उरणार आहे का?

दुसऱ्या बाजूने, या घरगुती कारागिरांनी जमवलेल्या माहितीला किती वजन आलंय तेही बघा. अशा वस्तू लिलावात लाखो डॉलरना जातात. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत ल्यूकची तलवार म्हणून लिलावाला ठेवलेली एक मूठ, अस्सलपणाबद्दल शंका निघाल्यावर ऐनवेळी मागे घ्यावी लागली. अशा वेळी कागदी प्रमाणपत्रापेक्षा वस्तू आणि जुना फोटो यांचा मेळ महत्त्वाचा ठरतो. ओरखडा कुठे आहे, पट्टी किती तिरकी चिकटली आहे, कडीचा रिव्हेट कुठल्या बाजूला आहे. क्रिश्चन यांची आठवण हा मोलाचा पुरावा आहेच, पण ती आठवण चाळीस वर्षांनंतरची आहे. फोटो त्या दिवसाचा. मेथडॉलॉजीच्या पेपरात मी फोटोला ‘दुय्यम’ लिहिलं होतं बहुतेक.

माझ्या तलवारीचं काय झालं? ग्राफ्लेक्स विकत घ्यायची ऐपत नव्हती, आणि वरचं सगळं वाचल्यावर इच्छाही. अमेरिकेतले लोक सिंकखालचा दीड इंची क्रोमचा पाइप वापरतात, तो नळीच्या मापाला बरोबर बसतो, असं वाचलं होतं. आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. त्याने बॉटल ट्रॅपचा चकचकीत पाइप काढून दिला. काळ्या पट्ट्यांसाठी गाडीच्या वायपरचं रबर, बुडबुड्यांसाठी घरातल्या जुन्या कॅल्क्युलेटरचा बळी द्यायला आईने नकार दिला, म्हणून ती जागा रिकामी. लांबून छान दिसते. भाचा तर ती घेऊन दिवसभर फिरला.

रात्री त्याने हातातून ठेवली तेव्हा मी टॉर्चमधला जाडा सेल काढून तिच्यात घालून पाहिला. गेला नाही. आपल्याकडचा पाइप ३२ मिमीचा असतो.